रुपयातला एक आणा

गिरणीच्या भोंग्यावर मी बऱ्याच कविता केल्या. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र एकही नाही. आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

अब्बा मुंबईच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. पगाराच्या दिवशी चिठ्ठी अम्मीच्या हातात देत आणि ती मला वाचायला बसवी. मी तेव्हा चौथीत होतो. चिठ्ठीत एक कपात असे, तिला घरात सगळे 'फंड' म्हणत. अम्मीच्या लेखी कापलेला पैसा म्हणजे गेलेला पैसा. अब्बा म्हणत, "अगं, आपलाच आहे तो. हातपाय थकले की मिळेल." चिठ्ठी वाचून झाली की अम्मी ती पत्र्याच्या डब्यात टाकी.

हा फंड आला कुठून? सरकारी नोकरांच्या भविष्य निर्वाह निधीसाठी १९२५ चा कायदा होता. काही मोठ्या कारखानदारांनीही असे निधी काढले होते, पण सारा मालकाच्या मर्जीचा मामला. १९४८ मध्ये कोळसा खाणींतल्या कामगारांसाठी कायदा झाला. मग १५ नोव्हेंबर १९५१ रोजी वटहुकूम निघाला आणि १९५२ मध्ये त्याची जागा कायद्याने घेतली. सुरुवातीला उद्योग सहाच : सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांवर कामगाराचे सव्वासहा टक्के, मालकाचे तेवढेच.

सव्वासहा हा आकडा आज विचित्र वाटतो. पण दशमान नाणी आली १९५७ मध्ये. त्याआधीचा हिशेब करून बघा. सोळा आण्यांचा रुपया, त्यातला एक आणा म्हणजे बरोबर सव्वासहा टक्के. साच्यावर उभ्या माणसाला टक्केवारी शिकवायची गरज नव्हती. रुपयामागे एक आणा तुझा, एक मालकाचा. (पुढे हा दर वाढत १९९७ मध्ये १२ टक्क्यांवर गेला.)

पहिल्या वर्षी व्याज होते ३ टक्के. ते चढत चढत १९८९-९० पर्यंत १२ टक्क्यांवर पोचले. पण आमच्या घरात 'व्याज' या शब्दालाच ठेच लागली. अब्बांनी मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "जो पैसा तुमच्या हातात आलाच नाही, तुम्हाला न विचारता कापला गेला, त्याची वाढ म्हणजे तुम्ही कर्ज देऊन घेतलेलं व्याज नव्हे." अनेक उलेमांचे मत असेच आहे. अब्बांची काळजी मिटली.

काळजी मिटली नाही ती चाचांची. ते भिवंडीत यंत्रमागावर होते. कापड तेच, कष्ट तेच, फंड मात्र नाही. कायदा आधी ५० कामगारांच्या कारखान्यांना लागू होता, १९६० मध्ये ही मर्यादा २० वर आली. पण चाचांच्या मालकाने एकाच छपराखाली कागदोपत्री चार कारखाने उभे केले होते. वीसचा आकडा कधी भरलाच नाही. चाचा सत्तरीतही मागावर उभे होते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. अब्बांसाठी गिरणीचे फाटक पुन्हा उघडले नाही. फंडाचा अर्ज केला तेव्हा कळले, शेवटच्या बऱ्याच महिन्यांची रक्कम गिरणीने भरलेलीच नव्हती. पगारातून कापली होती, पुढे पोचली नव्हती. अम्मीने डबा उघडला. मी वार, महिना, साल लावून चिठ्ठ्यांचा गठ्ठा बांधला. दोन वर्षे खेटे घातल्यावर त्या चिठ्ठ्यांच्या जोरावर पैसे मिळाले.

मिळाले ते एकदम, आणि गेलेही लवकर. उधाऱ्या, खोलीची डागडुजी, भावाचे शिक्षण. तीन वर्षांत शिल्लक संपली. १९७१ ची कुटुंब पेन्शन कामगाराच्या मागे राहिलेल्यांसाठी होती. कामगाराला स्वतःला म्हातारपणी दरमहा पेन्शन देणारी योजना आली १६ नोव्हेंबर १९९५ ला. अब्बांना तिचा काही उपयोग नव्हता. त्या योजनेत किमान पेन्शन हजार रुपये झाली, तीही २०१४ मध्ये. हजार रुपयांत महिना कसा काढायचा, हे ठरवणाऱ्यांनी सांगितले नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये आदेश निघाला की मालकाच्या वाट्याची रक्कम ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही. एप्रिलमध्ये बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतल्या हजारो बाया रस्त्यावर उतरल्या आणि आदेश मागे घ्यावा लागला. म्हातारपणाचा पैसा म्हातारपणीच द्यावा, हा सरकारचा हिशेब मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. आमची शिल्लक कशी उडाली ते मी पाहिले आहे. पण चाळिशीत जिचे काम सुटते तिने अठरा वर्षे कशाच्या आधारावर थांबायचे?

टीव्हीवर त्या बाया दिसत होत्या. अम्मी बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, "चिठ्ठ्या जपून ठेवल्यात का त्यांनी?"