चाक मोठे केले, मग पुढे?

पावसाळ्यात काळ्या रानातून भरलेली बैलगाडी बाहेर काढणे किती कष्टाचे असते, हे खेड्यात वाढलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले आहे. लाकडी चाक चांगले छातीएवढे उंच असते, पण त्यावर चढवलेली लोखंडी धाव असते जेमतेम दोन-अडीच इंच रुंद. सारे ओझे त्या अरुंद पट्टीवर येते आणि चाक रुतते. त्याच गावात टायरगाडी मात्र तशाच रस्त्याने जाऊ शकते. गंमत अशी, की टायरगाडीचे चाक लाकडी चाकापेक्षा बरेच लहान असते. म्हणजे न रुतण्याचे रहस्य केवळ चाकाच्या उंचीत नाही. मग ते कशात आहे?

या साध्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचे एक उदाहरण अंटार्क्टिकाच्या इतिहासात आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे थॉमस पोल्टर यांच्या आराखड्यानुसार एक अजस्र वाहन तयार झाले. त्याचे नाव ‘स्नो क्रूझर’. लांबी सुमारे १७ मीटर, वजन सुमारे ३४ टन. आत झोपण्याची जागा, स्वयंपाकघर, प्रयोगशाळा अशी सर्व सोय होती. रिअर अॅडमिरल बर्ड यांच्या मोहिमेसाठी हे फिरते घर अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात दूरवर जाणार होते. त्याला चार चाके होती आणि प्रत्येक टायरचा व्यास होता १० फूट! हे टायर खाचा नसलेले, गुळगुळीत होते.

जानेवारी १९४० मध्ये हे वाहन जहाजातून अंटार्क्टिकावर उतरले आणि थोड्याच वेळात त्याची चाके बर्फात रुतली. ती नुसतीच जागच्या जागी फिरू लागली. जादा म्हणून आणलेले दोन टायर पुढच्या चाकांना जोडले, मागच्या चाकांना साखळ्या बांधल्या, तरी फारसा उपयोग झाला नाही. पुढे असे आढळले, की गाडी उलटी चालवली तर पकड जरा बरी मिळते. या वाहनाचा सर्वांत लांबचा प्रवास १४८ किलोमीटरचा झाला, तोही पूर्णपणे उलट दिशेने. त्यानंतर राहण्याची जागा आणि प्रयोगशाळा म्हणूनच त्याचा उपयोग झाला.

दहा फुटी चाके असूनही असे का व्हावे? हिशेब करून पाहू. ३४ टन वजन चार चाकांवर वाटले, तर प्रत्येक चाकावर साडेआठ टन येतात. चाक मोठे होते, पण त्यावरचा बोजा त्याहूनही मोठा होता. जमिनीला (किंवा बर्फाला) चाकाची उंची कळत नाही. तिला कळतो तो फक्त दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर येणारे वजन. त्यातच टायर गुळगुळीत, त्यामुळे पकड कमी. आणि एवढ्या वजनाच्या मानाने इंजिनांची ताकदही अपुरी.

याच प्रश्नाचे उत्तर पुढे दुसऱ्या एका बर्फाळ देशात सापडले. दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये ब्रिटिश आणि १९४१ मध्ये अमेरिकी सैन्य आइसलँडमध्ये उतरले आणि सैन्याबरोबर जीपगाड्या आल्या. युद्धानंतर या गाड्या तेथील शेतकऱ्यांच्या हाती पडल्या. पूल नसलेल्या नद्या, लाव्हाचे दगड आणि हिवाळ्यातील भुसभुशीत बर्फ अशा प्रदेशात त्या उपयोगी ठरल्या. पण खोल बर्फात त्याही अडकत. १९८० च्या दशकात तेथील हौशी मंडळींनी ३८ आणि पुढे ४४ इंच व्यासाचे टायर बसवायला सुरुवात केली. मात्र मोठे टायर बसवून ते थांबले नाहीत. त्यांनी त्या टायरमधली हवा जवळजवळ काढून टाकली! रस्त्यावर ३० पौंड हवेवर चालणारी गाडी ते बर्फात तीन-चार पौंडांवर चालवू लागले.

यामागचे विज्ञान आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला सहज समजेल असे आहे. टायरमधल्या हवेचा दाब जेवढा, ढोबळमानाने तेवढाच दाब टायर जमिनीवर देतो. २,४०० किलोग्रॅमची गाडी घेतली तर दर चाकावर ६०० किलोग्रॅम येतात. टायरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम असेल, तर टायर ३०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकेल. दाब ०.३ केला, तर त्याला २,००० चौरस सेंटिमीटर जागा लागेल. आता ६० किलोग्रॅमचा माणूस एका पायावर उभा आहे आणि त्याचा तळवा २०० चौरस सेंटिमीटर आहे असे समजा. त्याचा दाबही ०.३ च येतो. म्हणजे जेथे माणूस पाऊल टाकू शकतो, तेथे ही गाडी जाऊ शकते.

मग साध्या टायरमधलीच हवा का काढू नये? पुन्हा हिशेब करू. साधा टायर ७६ सेंटिमीटर (३० इंच) व्यासाचा आणि २४ सेंटिमीटर रुंद आहे. २,००० चौरस सेंटिमीटरवर टेकण्यासाठी त्याला ८३ सेंटिमीटर लांब पसरावे लागेल. पण त्याचा व्यासच ७६! तो बिचारा लोखंडी रिमखाली चेंगरून जाईल. ४४ इंची, म्हणजे ११२ सेंटिमीटरचा टायर ४० सेंटिमीटर रुंद धरला, तर ५० सेंटिमीटर लांबी पुरते आणि त्यासाठी टायर सहा सेंटिमीटरच बसतो. मोठ्या टायरचा खरा फायदा हा आहे: तो कमी हवेतही तग धरतो.

वर्गात हे सायकलवर करून पाहता येईल. चाकाला ओला खडू फासून ते कागदावर टेकवावे, सायकलवर एका विद्यार्थ्याला बसवावे आणि उमटलेला ठसा आलेख कागदावर मोजावा. मग थोडी हवा सोडून पुन्हा मोजावा.

मात्र चाक मोठे केले की बाकीचे यंत्र तसेच राहत नाही. पहिली अडचण जागेची. मोठा टायर मडगार्डला घासतो, म्हणून बॉडी उचलावी लागते किंवा मडगार्ड कापून रुंद करावे लागते. पाटे बदलून बॉडी उचलली तरी आसाच्या मध्यावरचे डिफरन्शियल होते तेथेच राहते. ते वर येते फक्त टायरमुळे, आणि तेही व्यासातील वाढीच्या निम्मेच.

दुसरी अडचण ताकदीची. त्रिज्या वाढली की चाकाच्या टोकाशी मिळणारा जोर त्याच प्रमाणात घटतो. ३० ऐवजी ४४ इंच म्हणजे जोर ६८ टक्क्यांवर आला. म्हणून डिफरन्शियलमधील दातेरी चाके बदलावी लागतात. न बदलल्यास वेगदर्शक काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ८८ च्या वेगाने धावत असेल! ब्रेकलाही आता लांब तरफेविरुद्ध झगडावे लागते.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर, ती तोलाची. दोन चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंच असेल, तर गाडी सुमारे ४७ अंश कलेपर्यंत उलटणार नाही. गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटर वर गेला की ही मर्यादा ४१ अंशांवर येते. वळणावर वेगात असताना हा फरक जीवघेणा ठरू शकतो. आइसलँडमधील कारागिरांनी म्हणूनच गाडी उंच करताना रुंदही केली. अंतर १७० सेंटिमीटर केले की मर्यादा पुन्हा ४५ अंशांवर जाते.

या साऱ्या अनुभवाचा आपल्याशीही संबंध आला. नोव्हेंबर २०१० मध्ये गोव्यातील राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ भारतीयांचे पथक मैत्री या आपल्या स्थानकावरून दक्षिण ध्रुवाकडे निघाले. मैत्री सुमारे पावणेएकाहत्तर अंश दक्षिण अक्षांशावर आहे. एका अंशाला १११ किलोमीटर धरले, तर ध्रुव सरळ रेषेत २,१०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. हे अंतर त्यांनी आइसलँडच्या पद्धतीने बदललेल्या, रुंद टायरांच्या गाड्यांतून कापले आणि २२ नोव्हेंबरला ते ध्रुवावर पोहोचले. १० फुटी चाकांना जे साधले नाही, ते त्यांच्या निम्म्याहूनही लहान चाकांनी साधले.

आज आपल्या वर्गातील मुलांनाही उंच केलेल्या जीपचे आकर्षण वाटते. त्यांना ‘हे धोक्याचे आहे’ एवढेच सांगून भागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे, हे त्यांना जरूर सांगावे. पण त्याआधी वरची चार गणिते त्यांच्याकडून करून घ्यावीत. यंत्राचा एक भाग बदलला की उरलेल्या प्रत्येक भागाला त्याचा जाब द्यावा लागतो, हे मुलांना स्वतःच्या आकडेमोडीतून उमगले, तर कायदा त्यांना जाचक वाटणार नाही.