बाटलीवर न लिहिलेली साखर

बंगळुरूत बिअर आली ती फौजेबरोबर. १८०९ साली ब्रिटिशांनी श्रीरंगपट्टणची छावणी इथे हलवली. गोऱ्या शिपायाला बिअर लागे. ती आधी जहाजाने येई, पुढे दक्षिणेतच ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. १९१५ मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने त्यांतल्या पाच एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज काढली. स्वातंत्र्याच्या सुमारास ती विठ्ठल मल्ल्यांकडे आली. तिच्या जुन्या आवारात आता यूबी सिटीचे उंच मनोरे आहेत. १९८० च्या दशकात या शहराने पब आपलेसे केले आणि २०१० पासून इंदिरानगरातल्या ‘टॉइट’सारख्या ठिकाणी ग्राहकाच्या डोळ्यांदेखत बिअर बनू लागली.

याच शहरात आज भात, इडली आणि रागी मुद्दे ताटातून काढून टाकणारेही पुष्कळ आहेत. कुणाला वजन उतरवायचं असतं, कुणाची रक्तातली साखर वाढलेली असते. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो: यातलं काय चालेल? प्रश्न ताजा वाटतो, पण त्याचं पहिलं प्रसिद्ध उत्तर १८६३ सालचं आहे.

विल्यम बँटिंग हा लंडनचा, श्रीमंतांच्या आणि राजघराण्याच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरताना उलटं उतरावं लागे. डॉ. विल्यम हार्वी यांनी त्याचे पाव, दूध, साखर, बटाटे बंद केले. बँटिंग उतरला आणि त्याने आपला अनुभव एका पुस्तिकेत छापला. ती इतकी खपली की इंग्रजीत ‘बँटिंग’ हे वजन उतरवण्यासाठीचं क्रियापदच झालं. तिच्यात पेयांचीही वाटणी होती: क्लॅरेट, शेरी, मदिरा चालतील, शॅम्पेन, पोर्ट आणि बिअर वर्ज्य. रात्री साखर न घातलेला ग्रॉगही चाले.

ही यादी आजही तोंडी फिरते: वाइन चालते, बिअर चालत नाही. पण नावं तीच राहिली आणि आतला द्रव बदलला.

बँटिंगच्या काळी शॅम्पेन आजच्यापेक्षा कितीतरी गोड असे. पोमरी या घराण्याने १८७४ मध्ये कोरडी ‘ब्रूट’ शॅम्पेन बाजारात आणली, तेव्हापासून चव पालटत गेली. आजच्या युरोपीय नियमाप्रमाणे ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, म्हणजे एका पेल्यात दीड ग्रॅमही नाही. गंमत अशी की ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली बाटली ब्रूटपेक्षा गोड असते: १२ ते १७ ग्रॅम.

बिअरचंही असंच झालं. बार्ली मोड आणून भिजवली की तिच्यातल्या पिष्टाची साखर होते. यीस्ट त्यातली बरीचशी खातं, पण लांब साखळ्यांची डेक्स्ट्रिनं त्याला पचत नाहीत. ती बिअरमध्येच राहतात. साध्या लागरमध्ये १०० मिलिलिटरला ३ ते ४ ग्रॅम कर्बोदकं असतात. आपल्याकडची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम. काहींच्या आहारात तेवढा दिवसाचा सगळा कोटा. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या राइनगोल्ड ब्रुअरीत जोसेफ ओवेड्स या रसायनशास्त्रज्ञाने डेक्स्ट्रिनं तोडणारं विकर वापरून ‘गॅब्लिंगर्स’ ही आहारवाल्यांची बिअर काढली. ती फारशी चालली नाही, पण पुढच्या सगळ्या ‘लाइट’ बिअर तिच्याच वंशातल्या. मायक्रोब्रुअरीतल्या गव्हाच्या किंवा रागीच्या बिअरला मात्र धान्याच्या पुण्याईने सूट मिळत नाही. रागी पौष्टिक असली तरी तिचंही पिष्टच. यीस्टने किती खाल्लं आणि किती उरलं, एवढाच हिशेब.

वाइनचा धडा बंगळुरूच्या आसपासच्या मातीतच आहे. इथलं ‘बंगळूर ब्लू’ हे काळं, उग्र वासाचं द्राक्ष. भारतात ‘पोर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त, गोड वाइनमध्ये अनेकदा तेच असतं. गोव्याहून परतताना मराठी माणूस हौसेने आणतो ती बाटली याच जातीची. नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी, दोड्डबळ्ळापूरला, कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये फ्रेंच द्राक्षांचे मळे सुरू केले; ही कंपनी २०१२ मध्ये नाशिकच्या व्हॅली द व्हँशी एकत्र आली. तिथली कोरडी कॅबर्ने-शिराझ आणि ती ‘पोर्ट’, दोन्ही लाल, दोन्ही वाइन. पहिलीच्या १५० मिलिलिटरमध्ये सुमारे चार ग्रॅम कर्बोदकं, दुसरीत त्याच्या कित्येक पट. तेव्हा ‘वाइन चालते’ या वाक्याला अर्थ नाही, कोरडी चालते.

हे सगळं बाटलीवर छापलेलं असतं तर इतिहास सांगायची गरज नव्हती. पण २०१९ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार मद्याच्या लेबलवर पोषणमूल्यांची माहिती द्यायचीच नाही. दारू आरोग्यदायी वाटू नये, हा हेतू रास्त आहे. परिणाम मात्र असा की बिस्किटाच्या पुड्यावर मिळणारा आकडा बिअरवर मिळत नाही. उरतात शब्द: ड्राय, ब्रूट, लाइट, स्ट्राँग. यातल्या ‘स्ट्राँग’ला विशेष जपावं. ८ टक्क्यांच्या मोठ्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. ग्रॅमला सात कॅलरी धरल्या तर जवळजवळ २९०, आणि त्यात कर्बोदकं अजून मोजलेलीच नाहीत.

बँटिंगच्या यादीत एक गोष्ट मात्र मुळातच राहून गेली होती. डॉ. हार्वींना त्या आहाराची कल्पना सुचली ती पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची व्याख्यानं ऐकून. यकृत स्वतः साखर तयार करतं, हा बर्नार यांचा शोध. कर्बोदकं तोडलेल्या माणसाची रक्तातली साखर याच यकृताच्या भरवशावर टिकते. आणि अल्कोहोल आलं की यकृत त्याचा निचरा करण्यात गुंततं, नवी साखर बनवण्याचं काम मंदावतं. उपाशीपोटी, त्यातही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतीत, साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, कधी काही तासांनी, झोपेत. घाम, थरथर, बरळणं ही लक्षणं सोबतच्यांना नशेचीच वाटतात, आणि माणूस ‘जास्त झाली’ म्हणून झोपवला जातो.

म्हणून मधुमेहाची औषधं घेणाऱ्याने डॉक्टरांना ‘बिअर की वाइन’ याच्या आधी ‘माझ्या गोळ्यांबरोबर चालेल का’ हे विचारावं. बाकीच्यांनी कोरडी वाइन एक पेला घ्यावी, जेवणासोबत, आणि टेबलावरच्या एकाला तरी आपल्या आहाराची कल्पना द्यावी. क्लॅरेटचा पेला बँटिंगनेही जेवणाबरोबरच घेतला होता. यादी फिरली, जेवण मागे राहिलं.