एफेड्रिन : एक गुण, तीन नावे

दुधनीसारख्या सीमेवरच्या बाजारगावातून पाहिले की सोलापूर म्हणजे चादरी, गिरण्या आणि गड्ड्याची जत्रा. एप्रिल २०१६ मध्ये या नामावळीत एक अपरिचित शब्द शिरला : एफेड्रिन. ठाणे पोलिसांनी चिंचोली औद्योगिक वसाहतीतील एव्हॉन लाइफसायन्सेस या कारखान्यातून सुमारे साडेअठरा टन एफेड्रिन जप्त केले. किंमत दोन हजार कोटी रुपये सांगण्यात आली. बातम्यांतून त्याला 'अमली पदार्थ' म्हटले गेले. या शब्दापाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते.

एफेड्रा हे जवळजवळ पर्णहीन झुडूप. चीनमध्ये 'मा हुआंग' या नावाने ते शतकानुशतके दमा-खोकल्यावर दिले जाई. पारशी धर्मविधींतील 'होम' म्हणून त्याच्याच काड्या वापरतात. वैदिक सोम तो हाच, असे काही अभ्यासक मानतात. १८८५ मध्ये जपानी रसायनज्ञ नागाई नागायोशी यांनी त्यातून एफेड्रिन वेगळे केले आणि १८९३ मध्ये त्यापासूनच मेथॅम्फेटामिन बनवले. औषध आणि व्यसन असे एकाच हातून जगात आले. १९२४ मध्ये पेकिंगला चेन आणि श्मिट यांनी एफेड्रिनचे गुणधर्म मांडल्यावर ते दम्याचे औषध म्हणून सर्वत्र पोचले.

त्याचा गुण एकच : शरीराला जागे करणे. त्याने चोंदलेले नाक मोकळे होते, श्वासनलिका रुंदावते, भूक मंदावते, आणि हृदयावरचा ताणही वाढतो. म्हणून ते सर्दीची गोळी झाले, पुढे वजन उतरवण्याची पुडी झाले. २००३ मध्ये अशी पुडी घेणारा अमेरिकी बेसबॉलपटू स्टीव्ह बेक्लर तेविसाव्या वर्षी मरण पावला. पुढच्याच वर्षी तिथे एफेड्रायुक्त पूरक आहारावर बंदी आली.

आपला कायदा एफेड्रिनला 'नियंत्रित पदार्थ' म्हणतो. ते बनवणे हा गुन्हा नव्हे. त्याचा हिशेब न ठेवणे, ते चोरवाटेने विकणे हा गुन्हा. हा भेद पुसला की चर्चा सनसनाटीकडे वळते. सोलापूर प्रकरणात गाजले ते अभिनेत्री ममता कुलकर्णी यांचे नाव. त्यांच्यावरील गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला. कारखान्याच्या गोदामावर आणि नोंदवहीवर देखरेख कोणाची, हा रुक्ष प्रश्न मात्र मागे पडला.

तो रुक्ष असला तरी गौण नाही. सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल दिल्यावर बाळंतिणीचा रक्तदाब घसरला, तर तो सावरायला आजही एफेड्रिनचे इंजेक्शन देतात. पदार्थाला सरसकट विष ठरवून तिचे भागणार नाही, आणि गोदामाचे दार उघडे टाकूनही नाही.