डब्लिनचा सर्वेक्षक, जाफराबादची सीमा आणि क्रियापदाची जागा

जाफराबाद परिसराचा आयर्लंडशी संबंध काय, असे विचारले तर इतिहासप्रेमी लगेच असईच्या लढाईकडे बोट दाखवतील. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली हा आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. मात्र दुसरा धागा याहून सूक्ष्म आहे आणि तो व्याकरणाचा आहे.

1851 साली डब्लिनजवळ जॉर्ज ग्रिअर्सन जन्मला. ट्रिनिटी कॉलेजात तो रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन यांच्याकडे संस्कृत शिकला. अ‍ॅटकिन्सन जुन्या आयरिश ग्रंथांचे नामांकित संपादक होते; तरीही 1899 मध्ये आयरिश भाषा शाळांत शिकवावी की नाही, याची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे त्यांनी विरोधात साक्ष दिली. लोकांच्या तोंडची आयरिश ही स्थिर रूप न आलेली बोली आहे, असा त्यांचा रोख होता. डग्लस हाइड यांनी त्याला जोरदार उत्तर दिले. पोथीतल्या भाषेचा आदर आणि शेतकऱ्याच्या भाषेचा अनादर हा प्रकार महाराष्ट्रालाही नवा नाही.

त्या 'अस्थिर' भाषेची रचना पाहण्यासारखी आहे. आयरिश वाक्याचा आरंभ क्रियापदाने होतो, मग कर्ता, मग कर्म: 'खातो राम आंबा'. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून दोन्ही भाषा एकमेकींकडे पाठ करून बसल्यासारख्या वाटतात. पण वाक्याच्या आत शिरले की ओळख पटते. इंग्रजीत मालकी दाखवायला स्वतंत्र क्रियापद आहे. आयरिशमध्ये ते नाही. तेथे 'आहे पुस्तक माझ्यापाशी' असे म्हणतात, आणि मराठी माणूसही 'माझ्याकडे पुस्तक आहे' असेच म्हणतो. भूक आयरिश माणसाच्या 'अंगावर' असते, मराठी माणसाला ती 'लागते'. दोन्हीकडे भूक हाच कर्ता. 'हो' आणि 'नाही' यांसाठी आयरिशमध्ये सुटे शब्द नाहीत, प्रश्नातले क्रियापदच उत्तरात परत येते. 'येतोस का?' याला 'येतो' असे उत्तर देणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

फरकही तितकाच मोहक आहे. मराठीत विभक्ती लागताना शब्दाची शेपटी बदलते: मासा, माशाला. आयरिशमध्ये शब्दाचे डोके बदलते. 'त्याचे', 'तिचे' आणि 'त्यांचे' या तिन्हींसाठी तेथे एकच छोटा शब्द आहे. मालक कोण, हे पुढील नामाच्या पहिल्या ध्वनीवरून ओळखावे लागते.

गुरूने बोलींना नाकारले, शिष्याने आयुष्य त्यांनाच दिले. 1898 पासून ग्रिअर्सन भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा प्रमुख होता. 1928 पर्यंत 11 खंड निघाले आणि त्यांत 179 भाषा व 544 बोली नोंदल्या गेल्या. बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची, ही त्याची पद्धत. मराठीचा सातवा खंड 1905 साली आला. तो नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी सिद्ध केला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत, कारण वऱ्हाड 1853 पासून इंग्रजी प्रशासनाखाली होते.

जाफराबादचे मात्र तसे झाले नाही. बुलढाणा जिल्हा लगतच असला तरी जाफराबाद निजामाच्या राज्यात होते, आणि हैदराबाद संस्थान सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवले गेले होते. बोली सीमा पाळत नाहीत, पण कागद पाळतो. याच काळात संस्थानाच्या कचेऱ्यांत फारसीची जागा उर्दूने घेतली होती. म्हणजे येथील मराठी ना सरकारी दप्तरात आली, ना सर्वेक्षकाच्या वहीत.

वहीबाहेर राहिलेल्या त्या मराठीत काय होते, हे एका साध्या वाक्यावरून कळते: 'तू कामे केलीस.' यातील 'केली' हे रूप कर्मानुसार आले, कारण 'कामे' अनेकवचनी नपुंसकलिंगी आहे. काम एकच असते तर 'केलेस' झाले असते. शेवटचा 'स' मात्र कर्त्यासाठी, म्हणजे 'तू'साठी आला. एकाच क्रियापदाने दोन धन्यांची चाकरी केली. इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीत याला जागा नाही आणि संस्कृतच्या कर्तरी-कर्मणी विभागणीतही ते नीट बसत नाही. दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 साली आले, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. मराठी व्याकरणकारांना अशा वाक्यांसाठी 'कर्तृ-कर्मसंकर' असा वेगळा कप्पाच करावा लागला.

आयर्लंडमध्ये 1922 च्या संविधानाने आयरिश ही राष्ट्रभाषा ठरवली. जाफराबाद सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवटीतून मुक्त झाले, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. मराठीला राजभाषा करणारा कायदा 1964 चा.