प्राचीन इंग्रजी वीरकाव्यातील स्त्रीप्रतिमा आणि लिंगसमानतेचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना :
इंग्लंडच्या इतिहासात १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीचा काळ अँग्लो-सॅक्सन कालखंड म्हणून ओळखला जातो. नंतरच्या शतकांच्या तुलनेत या काळातील स्त्रीचे स्थान पुरुषाच्या अधिक बरोबरीचे होते, असे मत डोरिस स्टेंटन यांनी १९५७ साली ‘द इंग्लिश वुमन इन हिस्टरी’ या ग्रंथात मांडले. तत्कालीन काव्यातील तेजस्वी स्त्रिया या मताला पोषक वाटतात. तथापि काव्यातील सामर्थ्य आणि समाजातील समानता या दोन भिन्न बाबी आहेत. प्रस्तुत लेखात हा भेद तपासला आहे.

काव्यातील स्त्री :
‘बेवुल्फ’ (३१८२ ओळी) आणि ‘ज्युडिथ’ (उपलब्ध ३४९ ओळी) ही दोन्ही काव्ये इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या एकाच हस्तलिखितात आढळतात. ‘बेवुल्फ’मधील राणी वेल्थ्यो भर दरबारात राजाला वारसाविषयी सल्ला देते, मात्र तिची सारी धडपड पुत्रांच्या भवितव्यासाठी आहे. दोन कुळांत सलोखा राहावा म्हणून विवाह करून दिलेल्या हिल्डेबर्हच्या वाट्याला पुत्र, बंधू व पती यांचा मृत्यू येतो. ग्रेंडेलची माता पुत्रवधाचा सूड घेते. सूड हा त्या समाजात पुरुषांचा मान्य धर्म होता. तिच्या बाबतीत मात्र तो राक्षसी ठरतो. हा दुजाभाव आधुनिक अभ्यासकांतही दिसतो. क्लेबर यांच्या १९२२ च्या आवृत्तीच्या शब्दसूचीत एकाच मूळ शब्दाचा अर्थ पुरुष वीरांसाठी ‘योद्धा’, तर तिच्यासाठी ‘राक्षसी स्त्री’ असा दिला आहे.

ज्युडिथ याहून वेगळी आहे. ती होलोफर्नेसचा शिरच्छेद करून आपल्या लोकांना युद्धास प्रवृत्त करते आणि विजयानंतर त्याची तलवार, शिरस्त्राण व चिलखत तिला अर्पण केले जाते. वीराचा हा सन्मान तिला मिळतो खरा. परंतु त्याचे श्रेय ती ईश्वराला देते.

कायदा, मालमत्ता व सत्ता :
इतिहासातील पुरावाही असाच दुहेरी आहे. मर्सियाच्या एथेलफ्लेडने ९११ ते ९१८ या काळात राज्य केले, किल्ले उभारले व ९१७ मध्ये डर्बी जिंकले. तिच्या मृत्यूनंतर कन्या एल्फविन वारस झाली. पण मामा एडवर्डने थोड्याच काळात तिची सत्ता काढून घेतली. अकराव्या शतकातील राजा कनूटच्या कायद्याने स्त्रीला नापसंत पुरुषाशी विवाहाची सक्ती करण्यास मनाई केली. अशी मनाई करावी लागली, यावरून ती प्रथा असावी असे अनुमान निघते.

दहाव्या शतकातील विनफ्लेड या स्त्रीचे मृत्युपत्र याहून बोलके आहे. तिने जमीन, वस्त्रे व पशुधन यांची स्वेच्छेने वाटणी केली. काही गुलामांना तिने मुक्त केले. मात्र त्याच मृत्युपत्रात एक विणकर व एक शिवणकाम करणारी अशा दोन स्त्रियाही मालमत्ता म्हणून दुसऱ्या स्त्रीला दिल्या.

निष्कर्ष :
या काळातील स्त्री दुर्बल नव्हती. तथापि तिचे सामर्थ्य कूळ, पुत्र, धर्म वा संपत्ती यांच्या आधारावर उभे होते. स्त्री म्हणून मिळालेला तो हक्क नव्हता. विनफ्लेडच्या स्वातंत्र्याची नोंद करताना त्या विणकर स्त्रीचीही नोंद घेतली, तरच समानतेचा इतिहास पूर्ण होईल.