पोटरीचे दुखणे आणि चालण्याचा उपचार

चिंचणीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांत एखादे गृहस्थ थोडे चालून थबकतात, समुद्राकडे पाहत उभे राहतात आणि दोनचार मिनिटांनी पुढे निघतात. आपल्याला वाटते, सूर्यास्त पाहत आहेत. पुष्कळदा त्यांची पोटरी भरून आलेली असते. जर्मनीत अशी माणसे संकोचापोटी दुकानांच्या काचा न्याहाळीत उभी राहतात. म्हणून तिकडे याला ‘दुकानाच्या खिडकीचा रोग’ असेच म्हणतात.

पायाकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या आतून अरुंद झाल्या की असे होते. बसल्या जागी थोडे रक्त पुरते, चालताना पुरत नाही. या विकाराचे वर्णन प्रथम एका पशुवैद्याने केले, ही गंमतच! फ्रान्समधील बूले याने 1831 साली लंगडणाऱ्या घोडीत तो ओळखला; माणसात तो शार्को याने 1858 साली दाखविला.

दुखते तर चालू नये, हा सल्ला घरच्या वडीलधाऱ्यांनी दिला, तसा डॉक्टरांनीही. तो मायेचा होता, पण चुकीचा. आज बाजार सुटतो, उद्या देऊळ, अखेर ओटीचीच सोबत उरते. जर्मनीतील एर्ब याने 1898 सालीच व्यायामाचा पुरस्कार केला होता. तरी रीतसर कसोटीला 1966 साल उजाडले. लार्सन आणि लासेन या डेन्मार्कच्या संशोधकांनी अवघ्या 14 रोग्यांचे दोन गट केले व एका गटास रोज चालावयास लावले. चालणारे पुढे गेले. इतकी लहान कसोटी, पण दिशा तिने बदलली.

आजची रीत अशी: दुखणे बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालावे, थांबावे, ते ओसरले की पुन्हा निघावे. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, निदान बारा आठवडे. अरुंद रोहिणी यामुळे रुंद होत नाही. स्नायू मात्र मिळेल त्या रक्तावर अधिक काम करू लागतो. विडी-तंबाखू सोडावीच लागते, औषधेही चालू ठेवावी लागतात. बसल्या जागीही पाय दुखत असेल किंवा बोटाला जखम, काळेपणा असेल, तर आधी डॉक्टरांकडे धाव घ्यावी. मधुमेह असणाऱ्यांनी वाळूतून अनवाणी जाऊ नये. शिंपल्याने कापलेले त्यांना कळतही नाही.