पत्र ते भित्तिपत्रक : कौटुंबिक हिंसाचारविरोधी जागृतीचा एक मागोवा (बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
कौटुंबिक हिंसाचार दीर्घकाळ ‘घरगुती बाब’ मानला गेला. चार भिंतींच्या आतील हे दुःख भिंतीबाहेर आणण्याचे कार्य १९८० च्या दशकात स्त्रीमुक्ती चळवळीने केले. पथनाट्य, गाणी व भित्तिपत्रके ही त्याची साधने होती. महाराष्ट्रातील अशा एका महत्त्वाच्या प्रदर्शनाच्या मुळाशी असलेल्या घटनेचा धागा बीडशी जोडलेला आहे. त्या आधारे भित्तिपत्रकाच्या मांडणीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मंजुश्री सारडा प्रकरण :
माहेर बीडचे असलेल्या मंजुश्रीचा विवाह ११ फेब्रुवारी १९८२ रोजी झाला. अवघ्या चार महिन्यांनी, ११-१२ जूनच्या रात्री, पुण्यात विषामुळे तिचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीस फाशीची शिक्षा सुनावली व मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. तथापि, परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही व आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पतीची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे सांगणारा हा निर्णय आजही उद्धृत केला जातो.

या खटल्यातील एक पुरावा इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो. तो म्हणजे मंजुश्रीने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे. मृत्यू खून की आत्महत्या, हा न्यायालयापुढील प्रश्न होता; पत्रांतून व्यक्त झालेले दुःख मात्र दोन्ही शक्यतांत कायम राहते. ते जिव्हाळ्याच्या दोघी-तिघींपुरतेच मर्यादित राहिले, ही खरी शोकांतिका होय.

‘मी एक मंजुश्री’ :
या घटनेनंतर पुण्यात विद्या बाळ व त्यांच्या सहकारी एकत्र आल्या. त्यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन उभारून महाराष्ट्रात ठिकठिकाणी नेले. शीर्षकातील ‘मी’ महत्त्वाचा आहे. न्यायालय एका मंजुश्रीचा विचार करीत होते; प्रदर्शन पाहणारी प्रत्येक स्त्री स्वतःला तिच्या जागी ठेवू शकत होती. पत्रात कोंडलेला प्रथमपुरुषी आवाज येथे सार्वजनिक झाला. मंचाने पुढे ‘बोलते व्हा’ या नावाने केंद्र चालविले, हेही या संदर्भात सूचक आहे. दरम्यान, डिसेंबर १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट होऊन विवाहितेच्या शारीरिक व मानसिक छळास गुन्हा मानले गेले.

भित्तिपत्रकाची मांडणी :
हुंडाबळीविरोधी भित्तिपत्रकांत ज्वाळांची प्रतिमा वारंवार आढळते. ती मन हेलावते; परंतु ती शेवट दाखविते, सुरुवात नव्हे. रोजचा अपमान, पैशांची अडवणूक, माहेरी जाण्यास मज्जाव सोसणाऱ्या स्त्रीला त्या चित्रात स्वतःची ओळख पटेलच असे नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक, भावनिक, लैंगिक व आर्थिक छळही हिंसेत अंतर्भूत केला. त्यामुळे भित्तिपत्रकाचा विषयही व्यापक होणे क्रमप्राप्त आहे.

बीड जिल्ह्याचा संदर्भ :
२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील स्त्रीसाक्षरता सुमारे ६८ टक्के होती. म्हणून अल्प मजकूर, मोठी अक्षरे, परिचित घर-अंगणाचे चित्र व मदतीचा १८१ हा क्रमांक ही मांडणी उपयुक्त ठरते. तसेच जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी वर्षातील काही महिने स्थलांतर करतात. ‘कोयता’ म्हणजे पती-पत्नीची जोडी. उचल या जोडीच्या नावे दिली जात असल्याने स्त्रीची मजुरी तिच्या हाती स्वतंत्रपणे येत नाही. गळीत हंगामात गावच्या चावडीवरील भित्तिपत्रक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ते कारखान्याच्या तळावर, कोप्यांपर्यंत जावे लागेल.

समारोप :
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशातील सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली नाही किंवा कोणास काही सांगितलेही नाही. मंजुश्रीने निदान पत्रे लिहिली. या स्त्रियांची पत्रेही नाहीत. म्हणून भित्तिपत्रकाचे यश केवळ ‘हिंसा वाईट आहे’ असे सांगण्यात नसून, ‘हे माझेच आहे आणि ते मला सांगता येईल’ ही जाणीव निर्माण करण्यात आहे. अर्थात, सांगणारीचे ऐकून घेणारी व्यवस्था जवळपास नसेल, तर उत्तम भित्तिपत्रकही भिंतीची शोभाच ठरेल.